पॅट्रिक गेडिस

सर पॅट्रिक गेडिस (जन्म : बॅलटर, स्कॉटलंड, २ ऑक्टोबर १८५४, मृत्यू : माँपेल्ये, फ्रान्स, १७ एप्रिल १९३२) हे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ, शिक्षणतज्ज्ञ आणि नगररचनाकार होते. आधुनिक नगरनियोजनाच्या संस्थापकांमध्ये त्यांची गणना होते. शहराचा आराखडा करण्यापूर्वी त्या शहराचे भूगोल, इतिहास, व्यवसाय आणि लोकजीवन या सर्व अंगांनी सर्वेक्षण केले पाहिजे, हा आज सर्वमान्य झालेला नियम त्यांनी आग्रहाने मांडला. जुनी वस्ती सरसकट पाडून टाकण्याऐवजी तिच्यातील चांगले ते राखून मोजकीच दुरुस्ती करण्याची पद्धतही त्यांनीच रूढ केली. १९१४ ते १९२४ या दशकातील बराचसा काळ ते भारतात होते. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात स्थापन झालेल्या समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे ते पहिले प्राध्यापक होत. स्वतः कोणतीही विद्यापीठीय पदवी न मिळवलेल्या या गृहस्थांनी दोन विद्यापीठांत अध्यापन केले आणि दोन विद्यापीठांच्या योजना आखल्या. नगररचनेचे शिक्षण चार भिंतींबाहेर, प्रत्यक्ष शहरात झाले पाहिजे, असे त्यांनी जन्मभर सांगितले.

बालपण आणि शिक्षण

गेडिस यांचा जन्म ॲबर्डीनशायर परगण्यातील बॅलटर या गावी झाला. वडील अलेक्झांडर हे ब्लॅक वॉच या पलटणीत होते. पॅट्रिक लहान असतानाच कुटुंब पर्थ शहराजवळ राहावयास आले. घराभोवती बाग होती आणि मागे किनूल टेकडी होती. वडिलांबरोबर बागकाम करणे आणि टेकडीवर चढून खालचे टे नदीचे खोरे न्याहाळणे, हा या मुलाचा आवडता उद्योग होता. उंचावरून सगळा प्रदेश एका दृष्टिक्षेपात पाहण्याची ही सवय पुढे त्यांच्या विचारपद्धतीचा पायाच झाली.

पर्थ येथील शालेय शिक्षण संपल्यावर वडिलांच्या इच्छेखातर त्यांनी काही काळ बँकेत नोकरी केली. १८७४ मध्ये वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी ते एडिंबरा विद्यापीठात दाखल झाले. परंतु तेथील निर्जीव अध्यापन न रुचल्याने एका आठवड्यातच ते बाहेर पडले. त्यानंतर लंडन येथील रॉयल स्कूल ऑफ माइन्स या संस्थेत टॉमस हक्सली यांच्या हाताखाली त्यांनी जीवशास्त्राचा अभ्यास केला. लंडनमधील वास्तव्यात प्रयोगशाळेत काम करीत असताना चार्ल्स डार्विन यांची भेट घडली. उत्क्रांतिवादाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. मात्र जीवनकलहापेक्षा सजीवांमधील सहकार्याकडे त्यांचे लक्ष अधिक राहिले.

१८७८ मध्ये ते फ्रान्सला गेले. ब्रिटनी किनाऱ्यावरील रॉस्कॉफ येथील सागरी जीवशास्त्र केंद्रात आणि पुढे पॅरिसमध्ये त्यांनी अभ्यास केला. तेथेच फ्रेडरिक ल प्ले या फ्रेंच समाजचिंतकाच्या विचारांशी त्यांचा परिचय झाला. कोणताही समाज समजून घ्यायचा तर त्याचे स्थान, त्याचे काम आणि त्याचे कुटुंब या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या पाहिजेत, असे ल प्ले यांचे प्रतिपादन होते. गेडिस यांनी कुटुंबाच्या जागी लोक ही व्यापक संज्ञा योजली आणि स्थान, काम, लोक हे त्रिकूट आपल्या सर्व अभ्यासाचे सूत्र बनवले.

मेक्सिकोतील दृष्टिदोष

१८७९ मध्ये जीवशास्त्रीय नमुने गोळा करण्यासाठी गेडिस मेक्सिकोला गेले असता त्यांची दृष्टी अचानक गेली. अनेक आठवडे त्यांना अंधाऱ्या खोलीत राहावे लागले. या काळात खिडकीच्या तावदानांच्या चौकटी हाताने चाचपडताना त्यांना एक कल्पना सुचली. कागदाला घड्या घालून चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाला एक विषय नेमून द्यायचा आणि त्या विषयांचे परस्परसंबंध शोधायचे, अशी ही विचार करण्याची पद्धत होती. या आकृत्यांना ते विचारयंत्रे म्हणत.

काही काळाने दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर दीर्घकाळ काम करणे त्यांना शक्य राहिले नाही. प्रयोगशाळेतील संशोधकाचा मार्ग असा खुंटला आणि त्यांचे लक्ष हळूहळू सजीवांच्या एका मोठ्या वस्तीकडे, म्हणजे मानवी शहराकडे वळले.

एडिंबरा येथील कार्य

१८८० पासून गेडिस एडिंबरा विद्यापीठात अध्यापन करू लागले. त्या वेळी एडिंबराचे दोन भाग पडले होते. सधन लोक नव्या, आखीव वस्तीत राहावयास गेले होते आणि जुन्या शहरातील उंच इमारतींत गरीब कुटुंबे अत्यंत दाटीवाटीने राहत होती. १८८६ मध्ये गेडिस यांचा विवाह ॲना मॉर्टन यांच्याशी झाला. या दांपत्याने नव्या वस्तीतील सुखाचे घर सोडून जुन्या शहरातील जेम्स कोर्ट या पडक्या चाळवजा इमारतीत बिऱ्हाड केले. शेजाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी अंगणे झाडली, भिंतींना रंग दिला, खिडक्यांत फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्या आणि मोकळ्या तुकड्यांवर छोट्या बागा केल्या. त्यांना नोरा, ॲलस्डेअर आणि आर्थर ही तीन अपत्ये झाली. मुलांचे सुरुवातीचे शिक्षण घरीच, बागेत आणि हातांना काम देऊन झाले.

पडक्या इमारती विकत घेऊन त्या दुरुस्त करण्याचे काम गेडिस यांनी पुढे अनेक वर्षे केले. १८८७ मध्ये त्यांनी युनिव्हर्सिटी हॉल हे विद्यार्थिगृह सुरू केले. विद्यार्थी स्वतः कारभार पाहतील असे स्कॉटलंडमधील हे पहिले वसतिगृह मानले जाते. विद्यार्थ्यांनी शहराच्या गरीब भागातच राहावे, म्हणजे विद्यापीठ आणि नगर यांच्यातील भिंत पडेल, असा यामागील हेतू होता. किल्ल्याशेजारी उभा राहिलेला रॅम्झी गार्डन हा इमारतसमूहही याच प्रयत्नांचे फळ होय. या उद्योगांत त्यांच्यावर मोठे कर्ज झाले. तो भार पुढे मित्रांच्या साहाय्याने एका कंपनीकडे सोपवावा लागला.

१८९२ मध्ये त्यांनी जुन्या शहरातील एक उंच इमारत ताब्यात घेतली आणि तिचे आउटलुक टॉवर या नावाच्या संग्रहालयात रूपांतर केले. माथ्यावर कॅमेरा ऑब्स्क्युरा होता. त्यातून भोवतालच्या शहराचे जिवंत चित्र अंधाऱ्या खोलीतील पांढऱ्या मेजावर उमटत असे. पाहणाऱ्याने आधी थेट वर जायचे आणि मग एकेक मजला खाली उतरायचे, असा क्रम होता. वरच्या मजल्यावर एडिंबरा, त्याखाली स्कॉटलंड, त्याखाली इंग्रजी भाषक देश, मग युरोप आणि तळमजल्यावर जग, अशी मांडणी केलेली होती. आपल्या गावापासून सुरुवात करून जगापर्यंत पोहोचायचे, ही गेडिस यांची शिक्षणपद्धती या इमारतीच्या रचनेतच उतरली होती. मनन करण्यासाठी तेथे एक रिकामी खोलीही राखलेली होती.

डंडी येथील प्राध्यापकपद

एडिंबरा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे अध्यासन गेडिस यांना मिळाले नाही. १८८८ मध्ये जेम्स मार्टिन व्हाइट या स्नेह्याने दिलेल्या देणगीतून डंडी येथील युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांच्यासाठी वनस्पतिशास्त्राचे अध्यासन निर्माण झाले. केवळ उन्हाळी सत्रात शिकवण्याची अट असल्याने वर्षाचा उरलेला काळ इतर कामांसाठी मोकळा राहत असे. हे पद त्यांनी १९१९ पर्यंत सांभाळले. वर्गातील व्याख्यानापेक्षा बागेतील निरीक्षणावर त्यांचा भर असे. पृथ्वीवरील सारे जीवन हिरव्या पानावर अवलंबून आहे, पैशावर नव्हे, हे त्यांच्या अध्यापनाचे सार होते.

जे. आर्थर टॉमसन यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला लिंगभेदाच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि बराच गाजला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनाच्या वेळी त्यांनी तेथे आंतरराष्ट्रीय शैक्षणिक उपक्रम चालवला. त्या वेळी भगिनी निवेदिता यांनी काही काळ त्यांच्याबरोबर काम केले. स्वामी विवेकानंदांशीही त्यांची तेथे भेट झाली.

नगररचनेकडे वाटचाल

१९०३ मध्ये डनफर्मलिन येथील कार्नेगी न्यासाने एका उद्यानाची योजना करण्याचे काम गेडिस यांच्याकडे सोपवले. त्यांनी केवळ उद्यानाचा नव्हे, तर ओढा, जुन्या इमारती, शाळा, संग्रहालये यांसह संपूर्ण गावाच्या विकासाचा अहवाल तयार केला. तो १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यासाने तो स्वीकारला नाही, तरी नगररचनेच्या इतिहासात त्याला महत्त्वाचे स्थान आहे. याच सुमारास लंडनमध्ये स्थापन झालेल्या समाजशास्त्रीय संस्थेत त्यांनी नागरिकशास्त्र म्हणजे उपयोजित समाजशास्त्र होय, असे प्रतिपादन करणारे निबंध वाचले.

खोऱ्याचा छेद ही त्यांची प्रसिद्ध आकृती याच काळातील आहे. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत नदीचे खोरे उभे कापले, तर वरून खाली खाणकामगार, लाकूडतोड्या, शिकारी, मेंढपाळ, उतारावरचा गरीब शेतकरी, सपाटीवरचा सधन शेतकरी आणि किनाऱ्यावरचा कोळी असे व्यवसाय क्रमाने आढळतात. सह्याद्रीच्या माथ्यावरून कोकणकिनाऱ्यापर्यंत धावणारी एखादी नदी डोळ्यांसमोर आणल्यास मराठी वाचकाला या आकृतीचा अर्थ सहज कळू शकेल. प्रत्येक व्यवसाय त्या त्या भूमीतून उगवतो आणि शहर हे या सर्व व्यवसायांच्या देवघेवीतून वाढते. म्हणून शहराचा विचार त्याच्या प्रदेशापासून तोडून करता येत नाही, असा या आकृतीचा निष्कर्ष आहे. प्रादेशिक नियोजन या ज्ञानशाखेचे बीज येथे सापडते.

१९११ पासून गेडिस यांनी शहरे व नगररचना या विषयावरील फिरते प्रदर्शन भरवले. नकाशे, चित्रे आणि आराखडे यांनी सजलेल्या या प्रदर्शनाला १९१३ मध्ये बेल्जियममधील गेंट येथे पारितोषिक मिळाले. १९१५ मध्ये त्यांचा शहरांच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. वाढत वाढत एकमेकांत मिसळलेल्या शहरांच्या समूहासाठी कॉनर्बेशन हा शब्द त्यांनी या ग्रंथात योजला आणि तो पुढे जगभर रूढ झाला.

भारतात आगमन

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून गेडिस १९१४ च्या अखेरीस भारतात आले. प्रदर्शनाचे साहित्य क्लॅन ग्रँट या जहाजातून स्वतंत्रपणे येत होते. पहिले महायुद्ध नुकतेच सुरू झाले होते. मद्रासवर तोफा डागणाऱ्या एमडेन या जर्मन युद्धनौकेने ऑक्टोबर १९१४ मध्ये हे जहाज बुडवले आणि कित्येक वर्षांच्या परिश्रमाने जमवलेला संग्रह समुद्रात गेला. गेडिस यांनी काम थांबवले नाही. ब्रिटनमधील मित्रांनी नवे साहित्य जमवून पाठवले आणि १९१५ मध्ये मद्रास येथे प्रदर्शन भरले. पुढे ते भारतातील इतर शहरांतही नेण्यात आले.

त्या काळच्या भारतीय शहरांपुढे प्लेगचे मोठे संकट होते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आल्यानंतर १८९८ मध्ये तेथे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्याचे धोरण सुरू झाले. इतर शहरांतील अभियंतेही हाच कित्ता गिरवीत होते. आरोग्याच्या नावाखाली चाललेली ही पाडापाडी गेडिस यांना मान्य नव्हती. घरे पाडली की तेथील गरीब माणसे नाहीशी होत नाहीत. ती शेजारच्या गल्लीत शिरतात, तेथील गर्दी वाढते, भाडी चढतात आणि रोगाला नवे घर मिळते, असे त्यांचे म्हणणे होते.

यावर त्यांनी सुचवलेल्या उपायाला जपणूक करणारी शस्त्रक्रिया असे म्हणता येईल. कुशल वैद्य जसा रोगट भाग तेवढाच कापतो, तसे नगररचनाकाराने करावे. आधी गल्लीबोळांतून पायी हिंडावे. प्रत्येक घर, देऊळ, मशीद, विहीर आणि झाड नकाशावर नोंदवावे. मग ओसाड किंवा मोडकळीस आलेली एकदोन घरे काढून चौक मोकळा करावा, तेथे झाड लावावे, पार बांधावा, विहीर उपसून स्वच्छ करावी. एवढ्याने हवा खेळते, वाट मोकळी होते आणि फार थोडी कुटुंबे हलवावी लागतात. सरकारी योजनेच्या मानाने खर्चही पुष्कळच कमी येतो. मद्रास इलाख्यातील तंजावर, मदुराई आदी गावांसाठी त्यांनी अशाच सूचना केल्या. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यातील सहा गावांविषयीचे त्यांचे अहवाल तयार झाले. त्यानंतर बडोदा, लखनौ, बलरामपूर, लाहोर, कपूरथळा, ढाका, कोलकात्यातील बडाबाजार, कोलंबो, पतियाळा अशा अनेक ठिकाणांचे अहवाल त्यांनी लिहिले. या अहवालांची एकूण संख्या पन्नासच्या आसपास भरते.

पर्यावरणविषयक दृष्टी

गेडिस यांच्या भारतीय अहवालांत आजच्या पर्यावरणपूरक नियोजनाची अनेक तत्त्वे आढळतात. हिवतापाच्या भीतीने गावातील तलाव बुजवण्यास त्यांनी विरोध केला. तलाव हवा थंड ठेवतात, पावसाचे पाणी साठवतात आणि लोकांना एकत्र आणतात. डासांचा बंदोबस्त करायचा तर तलावात मासे आणि बदके सोडावीत, असे त्यांनी सुचवले. मैला व सांडपाणी महागड्या भुयारी गटारांतून नदीत सोडण्याऐवजी त्याचे खत करून ते बागा व शेते यांना द्यावे, या मताचे ते होते.

येथील परंपरांकडे त्यांनी परकीय अधिकाऱ्याच्या तुच्छतेने पाहिले नाही. दक्षिणेतील देवळांभोवतीचे रथमार्ग हा त्यांना नगररचनेचा उत्तम नमुना वाटला. अंगणातील तुळशीवृंदावन म्हणजे घर स्वच्छ, सुंदर आणि प्रसन्न राखणाऱ्या गृहिणीच्या श्रमांचे प्रतीक आहे, असे त्यांनी लिहिले.

वैयक्तिक आघात

१९१७ हे वर्ष गेडिस यांच्यासाठी अत्यंत दुःखाचे ठरले. फ्रान्समधील रणभूमीवर थोरला मुलगा ॲलस्डेअर एप्रिलमध्ये मारला गेला. त्याच सुमारास ॲना भारतात तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. गेडिस यांनी मुलाच्या मृत्यूची बातमी त्यांच्यापासून लपवून ठेवली. जूनमध्ये ॲना यांचे निधन झाले. मुलगा गेल्याचे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. या काळातच दार्जिलिंग येथे गेडिस यांनी एक उन्हाळी अभ्याससत्र योजले होते. जगदीशचंद्र बोस आणि रवींद्रनाथ टागोर यांचा त्यात सहभाग होता. बोस यांचे गेडिस यांनी लिहिलेले चरित्र १९२० मध्ये प्रसिद्ध झाले. धाकटा मुलगा आर्थर याने पुढे टागोरांच्या ग्रामीण पुनर्रचनेच्या कार्यात काही काळ काम केले.

इंदूरचा अहवाल

गेडिस यांच्या भारतातील कार्यात होळकरांच्या इंदूर संस्थानासाठी केलेल्या कामाला विशेष महत्त्व आहे. तेथील दरबाराला सादर केलेला त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. शहरातून वाहणाऱ्या नद्यांचे काठ, जुन्या पेठा, गिरणी कामगारांची घरे, मैल्याची व्यवस्था आणि बागा या सर्वांचा त्यात तपशीलवार विचार आहे.

इंदूरमधील वास्तव्यात त्यांनी योजलेली दिवाळीची मिरवणूक चरित्रकारांनी आवर्जून नोंदवली आहे. शहरात प्लेगची भीती होती आणि हा परका माणूस घरे पाडायला आला आहे, अशी लोकांची समजूत झाली होती. संस्थानच्या अनुमतीने गेडिस यांनी जाहीर केले की, मिरवणूक या वर्षी नेहमीच्या मार्गाने न जाता ज्या रस्त्यांवरील रहिवासी आपली घरे व गल्ल्या सर्वांत चांगल्या स्वच्छ करतील त्या रस्त्यांनी जाईल. घरोघरी झाडलोट, डागडुजी, रंगसफेदी सुरू झाली. गाड्या भरभरून कचरा बाहेर पडला आणि उंदीर पकडले गेले. मिरवणुकीत पिकांचे व कारागिरांचे देखावे होते, घाणीचा राक्षस होता आणि प्लेगचा प्रचंड उंदीर होता. शहर झाडणारे सफाई कामगार पांढरी वस्त्रे व फुलांच्या माळा घालून मानाने चालत होते. शेवटी राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले व लोकांना रोपे वाटण्यात आली. जे काम सक्तीने झाले नसते ते उत्सवाने घडवून आणले.

याच अहवालात गेडिस यांनी मध्य भारतासाठी एका विद्यापीठाची योजना मांडली. भारतातील तत्कालीन विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुख्यतः परीक्षा घेणाऱ्या आणि पदव्या देणाऱ्या संस्था होत्या. परीक्षेसाठी पाठांतर करून घेणाऱ्या या पद्धतीवर त्यांनी कठोर टीका केली. विद्यापीठ हे शहराच्या जीवनातून उगवले पाहिजे. ग्रंथालय, संग्रहालय, रंगभूमी, उद्याने, रुग्णालये आणि कारखाने हे सर्व त्याचे वर्ग झाले पाहिजेत आणि विद्यार्थ्यांनी शहराचे प्रश्न सोडवता सोडवता शिकले पाहिजे, अशी त्यांची कल्पना होती. ती योजना त्यांच्या हयातीत प्रत्यक्षात आली नाही.

मुंबई विद्यापीठातील कारकीर्द

१९१९ मध्ये डंडीचे पद सोडून गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षा घेण्यापलीकडे जाऊन स्वतःचे अध्यापन विभाग नुकतेच सुरू केले होते. समाजशास्त्र विभाग हा त्यांतील आरंभीच्या विभागांपैकी एक असून भारतातील या विषयाच्या सर्वांत जुन्या विभागांत त्याची गणना होते. पासष्टीला आलेल्या गेडिस यांनी येथेही समाजशास्त्र आणि नगराभ्यास यांची सांगड घातली. त्यांच्या लेखी मुंबई शहर हाच विभागाचा मुख्य ग्रंथ होता.

परीक्षेच्या दृष्टीने टिपणे उतरवून घेण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्यांना ही पद्धत अवघड गेली. गेडिस एका विषयातून दुसऱ्यात सहज शिरत आणि त्यांचे पुटपुटणे दाढीमिशांत हरवून जाई. तरीही माणसे पारखण्याची त्यांची दृष्टी अचूक होती. मालवण येथे जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये हे संस्कृतचे पदवीधर होते. मुंबई शहरावर त्यांनी लिहिलेला निबंध गेडिस यांना आवडला आणि त्यांच्या शिफारशीने घुर्ये यांना समाजशास्त्राच्या उच्च अभ्यासासाठी इंग्लंडला जाण्याची संधी मिळाली. गेडिस यांच्यानंतर १९२४ मध्ये घुर्ये विभागाचे प्रमुख झाले. भारतीय समाजशास्त्राचे ते एक आद्य प्रवर्तक मानले जातात. मात्र त्यांनी जाती, संस्कृती आणि प्राच्यविद्या या विषयांकडे विभागाचा रोख वळवला आणि नगराभ्यास हा केंद्रस्थानी राहिला नाही.

जेरुसलेम आणि तेल अवीव

१९१९ मध्येच झिओनिस्ट संघटनेच्या निमंत्रणावरून गेडिस पॅलेस्टाईनला गेले. जावई फ्रँक मियर्स यांच्या साहाय्याने त्यांनी जेरुसलेम येथील नियोजित हिब्रू विद्यापीठाचा आराखडा केला. मध्यभागी भव्य घुमट आणि त्याभोवती सर्व विद्याशाखा, अशी त्यांची कल्पना होती. आराखड्याचा फारच थोडा भाग प्रत्यक्षात उतरला.

तेल अवीव शहरासाठी १९२५ मध्ये त्यांनी केलेला आराखडा मात्र बऱ्याच अंशी अमलात आला. मोठे रस्ते, त्यांच्या आत शांत गल्ल्या आणि घरांच्या गटांमध्ये सार्वजनिक बागा, असे त्याचे स्वरूप आहे. या आराखड्यावर उभा राहिलेला तेल अवीवचा श्वेत नगरी हा भाग २००३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट झाला.

अखेरची वर्षे

प्रकृती ढासळल्यामुळे १९२४ मध्ये गेडिस यांनी भारत सोडला आणि ते दक्षिण फ्रान्समधील माँपेल्ये येथे स्थायिक झाले. शहराबाहेरच्या खडकाळ माळावर त्यांनी स्कॉट्स कॉलेज ही संस्था उभारली. हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थिगृह होते. येथेही बागा होत्या आणि सभोवारचा प्रदेश पाहण्यासाठी मनोरा होता. भारतीय विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र महाविद्यालय काढण्याची त्यांची योजना होती. १९२८ मध्ये त्यांनी लिलियन ब्राउन यांच्याशी दुसरा विवाह केला.

१९१२ मध्ये नाकारलेला सर हा किताब त्यांनी १९३२ च्या आरंभी स्वीकारला. त्यासाठी ऐन थंडीत केलेला लंडनचा प्रवास त्यांच्या प्रकृतीला मानवला नाही. माँपेल्येला परतल्यावर १७ एप्रिल १९३२ रोजी त्यांचे निधन झाले.

टीका

गेडिस यांच्या कार्याच्या मर्यादाही अभ्यासकांनी दाखवल्या आहेत. त्यांचे लेखन क्लिष्ट आहे आणि विचारयंत्रांच्या आकृत्या अनेकांना दुर्बोध वाटतात. आपल्या विचारांची सुसंगत मांडणी करणारा एकही ग्रंथ त्यांनी मागे ठेवला नाही. बहुतेक अहवाल कार्यालयांच्या कपाटांत राहिले. सरकारी अभियंत्यांनी त्यांची उपेक्षा केली. स्त्री व पुरुष यांच्या स्वभावभेदांविषयीची त्यांची जीवशास्त्रीय मते आज ग्राह्य मानली जात नाहीत. भारतातील काम त्यांनी वसाहतीच्या आणि संस्थानी राजवटींच्या चौकटीत राहून केले. सत्ता कोणाच्या हाती आहे या प्रश्नापेक्षा शहर कसे सुधारता येईल याकडेच त्यांचे लक्ष असल्याने, राजकीय अन्यायाचा विचार त्यांच्या लेखनात तुलनेने कमी येतो.

वारसा

गेडिस यांचे विचार दूरवर पोहोचले ते मुख्यतः इतरांच्या लेखणीतून. अमेरिकन लेखक लुईस ममफर्ड यांनी त्यांना गुरू मानले आणि शहरांवरील आपल्या ग्रंथांतून त्यांची दृष्टी जगापुढे मांडली. जॅकलिन टिरव्हिट यांनी भारतीय अहवालांतील निवडक भाग संपादित करून १९४७ मध्ये प्रसिद्ध केला. मुंबई इलाख्यातील गावांवरील त्यांचे अहवाल महाराष्ट्र शासनाने १९६५ मध्ये पुन्हा छापले. डंडी विद्यापीठातील नगरसंशोधन संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

वास्तुकला व नगरनियोजनाच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांत आज आराखड्यापूर्वी सर्वेक्षण हा पहिला पाठ असतो. विद्यार्थ्यांनी एखादी वस्ती निवडून तिथल्या घरांची, पाण्याची, झाडांची आणि व्यवसायांची नोंद करायची, ही पद्धत गेडिस यांच्या परंपरेतील आहे. पुनर्विकासाच्या नावाने जुन्या वस्त्या पाडल्या जात असताना आणि शहरांतील तलाव, ओढे बुजवले जात असताना, शंभर वर्षांपूर्वीचे त्यांचे भारतीय अहवाल अभ्यासक पुन्हा वाचू लागले आहेत.